पूल कंपनीच्या इतिहासाची स्वच्छ प्रत

ब्रिगेडियरसाहेब सैन्यात कधीच नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लेखनिक होते, आणि गल्लीतलं कुत्रं नुसतं उठून बसलं तरी पलीकडच्या फुटपाथवर जायचे. 'ब्रिगेडियर' ही पदवी त्यांना कचेरीने बहाल केली होती. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी टेबलावर पंचिंग मशीन, दोन स्टेपलर आणि शाईचा पॅड मांडून कुठल्याशा खिंडीतली लढाई सहकाऱ्यांना समजावून सांगितली. लढाई ऐन रंगात आली असताना मुख्य अभियंते आत आले आणि स्टेपलर मागू लागले. हे म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं थांबा, ही तुकडी सध्या वेढ्यात आहे." त्या दिवशी नाव चिकटलं ते चिकटलंच. यांना वरवर राग यायचा. आतून बरं वाटायचं.

त्यांना नाद होता तो पलटणींच्या जुन्या इतिहासांचा. आता इतिहास म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लगेच सेनापती आणि घोडे उभे राहिले असतील, तर त्यांना बसवा खाली. हे इतिहास त्या त्या पलटणीतल्या माणसांनीच निवृत्त झाल्यावर लिहिलेले असत. कुणी खेचरांच्या तांड्यावरचा नाईक, कुणी तारायंत्रवाला, कुणी डॉक्टरांचा मदतनीस. चष्मा लावून घरच्या टेबलाशी बसायचं, आठवेल तसं लिहायचं, जवळच्या छापखान्यातून शंभरएक प्रती काढायच्या आणि आपल्याच सोबत्यांना टपालाने पाठवायच्या. सोबती एकेक करून गेले की प्रती रद्दीत. छपाई यथातथाच, नकाशे उलटे चिकटवलेले, एका पुस्तकात तर चाळिसाव्या पानानंतर एकदम सत्तावन्नावं. पण मधेच एखादं वाक्य असं यायचं, की ब्रिगेडियर उठून स्वयंपाकघरात जायचे आणि बायकोला म्हणायचे, "अगं, नळ बंद कर जरा. ऐक. 'सोमवारी पाऊस. सोमवारीच आमचा स्वयंपाकी गेला. मंगळवारी कुणाला भूक नव्हती.' एका खेचरवाल्याने लिहिलंय हे! आहे का आपल्या खात्यात कुणाची हिंमत असं लिहायची?"

बायको नळ बंद करायची, ऐकायची, आणि थोड्या वेळाने म्हणायची, "छान आहे हो. पण तुमच्या पलटणींनी तीन कपाटं काबीज केलीत. चौथ्यात माझे कपडे आहेत. तिथे युद्धबंदी."

तर अशा या संग्रहात पूल कंपनी दाखल झाली. जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने निरोप पाठवला आणि ब्रिगेडियर कचेरीतून पोट दुखत असल्याचं सांगून पळाले. पुस्तक होतं होड्यांचे पूल बांधणाऱ्या एका कंपनीचं. नदीत ओळीने होड्या लावायच्या, त्या दोरांनी काठाशी जखडायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि त्यावरून सैन्य पलीकडे. लेखक कंपनीचे मेजर. इतकं दुर्मीळ पुस्तक, की ब्रिगेडियरनी त्याचं नाव आजवर फक्त दुसऱ्या पुस्तकांच्या तळटिपांत वाचलं होतं. हातात घेतल्यावर त्यांचे कान लाल झाले.

एकच खोट होती. कुणीतरी पानोपानी समासात शिसपेन्सिलने लिहून ठेवलं होतं. आणि कसं लिहून! जिथे मेजरनी 'अवघ्या नऊ तासांत पूल उभा राहिला' असं लिहिलं होतं तिथे शेजारी, 'अकरा. दोन तास मेजर झोपले होते.' पुढे, 'साफ खोटं.' त्याच्या पुढे, 'खिळे आलेच नव्हते, हे कुणालाच कसं आठवत नाही?' एके ठिकाणी नुसतंच, 'इथे मी होतो.'

"असली गिरगटलेली प्रत संग्राहकाच्या घरात शोभत नाही," दुकानदार म्हणाला. वास्तविक ती विकायला त्यानेच ठेवली होती. पण एकदा पुस्तक विकलं गेलं की हा माणूस खरं बोलायला लागायचा.

हे वाक्य ब्रिगेडियरच्या जिव्हारी लागलं. त्यांनी घरी येऊन शेजारच्या हेडमास्तरांचा सल्ला घेतला. म्हणजे घेतला नाही, तो मिळाला. हेडमास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, सल्ल्यातून नव्हते. चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस तो. त्यांनी पुस्तक उजेडात धरलं आणि निदान केलं, "मऊ खोडरबर. एकाच दिशेने. घाई नको. कागद लाजला पाहिजे, फाटता कामा नये."

पुढचे तीन दिवस ब्रिगेडियर रजा टाकून घरी खोडत बसले. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, एकाच दिशेने. चांगले पाच खोडरबर झिजले. काय लिहिलंय ते त्यांनी मन लावून वाचलंही नाही. कुणा टवाळखोराच्या शेऱ्यांत वेळ कशाला घालवायचा, हा त्यांचा बाणा. शेवटाकडे एक पान होतं, त्यात 'या कामी चौथ्या होडीवरील एक जवान वाहून गेला' एवढी एक ओळ होती, आणि तिच्या समासात वरपासून खालपर्यंत दाट, दाबून लिहिलेलं. ते पान जाता जाईना. तिथे तर ब्रिगेडियरनी दोन्ही दिशांनी हात चालवला.

"घरभर हा काय भुसा सांडलाय?" बायकोने विचारलं.

"इतिहास स्वच्छ होतोय," ते म्हणाले. या वाक्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

पाचव्या दिवशी दारात एक पन्नाशीच्या बाई उभ्या. बोटाला अंगुस्तान तसंच राहिलेलं, खांद्यावर माप घ्यायची फीत. पडदे शिवायचं काम करत होत्या. दुकानदाराने पत्ता दिला होता. बाईंच्या हातून चुकून पूल कंपनीचं पुस्तक वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेलं होतं.

"परत नको मला," त्या पहिल्याच दमात म्हणाल्या. "वडिलांना एक पान बघायचंय फक्त. ते होते त्या कंपनीत. एक्याण्णव वर्षांचे आहेत."

पूल कंपनीतला माणूस! जिवंत! ब्रिगेडियरना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी बाईंना आग्रहाने खुर्चीत बसवलं, हात धुऊन आले, पुस्तक दोन्ही हातांनी आणलं आणि आनंदाने फुलून म्हणाले, "बघा! वडिलांना सांगा, योग्य घरी पडलंय म्हणावं. कुणा मूर्खाने गिचमिड करून ठेवली होती. एकूण एक शब्द काढून टाकला. आहे का कुठे खूण?"

बाईंनी पानं उलटली. पुन्हा उलटली. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"तो मूर्ख माझे वडील," त्या म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. वडील रोज सकाळी उठले की आपल्या जोडीदारांची मनातल्या मनात हजेरी घेतात. बावीस जण होते, आता फक्त तेच उरलेत. पण कागदावरची नावं नव्हेत हं, हाक मारायची नावं, नदीवर एकमेकांना जी हाक मारायचे ती. वर्षभरापूर्वी त्यांतलं एक नाव विसरले. चौथ्या होडीवरचा, जो वाहून गेला तो. तेव्हापासून रोज तिथे येऊन अडतात, परत पहिल्यापासून सुरू करतात. कधी कधी दुपार होते, अन्नाला हात लावत नाहीत. "परवा एकदम म्हणाले, तरुणपणी पुस्तकात लिहून ठेवलंय. त्या एका नावासाठी आले हो मी."

ब्रिगेडियर आयुष्यात खूपदा खजील झाले होते. सरकारी नोकरीत त्याची सवय होते. पण हे वेगळं होतं. शंभर पुस्तकं जमवून ते ज्या माणसांना मनोमन सलाम ठोकत होते, त्यांतल्याच एकाचं तोंड त्यांनी खोडरबरने बंद केलं होतं. बाई पुस्तक खुर्चीत ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ते माजी सैनिकांच्या कचेरीत हजर झाले. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, 'सैनिकाशी नाते'. ब्रिगेडियरनी खूप विचार करून लिहिलं, 'वाचक'.

"वाचक हे नातं नाही," कारकून म्हणाला.

"मग काय लिहू?"

"मुलगा, पुतण्या, जावई, काहीही लिहा. वाचक लिहिलंत तर वरचे साहेब मला विचारतील, कोण वाचक?"

स्वतः सरकारी माणूस असल्याने ब्रिगेडियरना त्याचं म्हणणं मनापासून पटलं. पण खोटं लिहवेना. तीन खिडक्या, दोन वरचे साहेब आणि एक जेवणाची सुट्टी झाल्यावर त्या कचेरीने, खरं सांगायचं तर अतिशय तत्परतेने, वाहून गेलेल्या त्या जवानाचं संपूर्ण नाव, क्रमांक, उंची आणि छातीचं माप शिक्का मारून दिलं. नाते या रकान्यात कुणीतरी 'इतर' लिहिलं होतं. ब्रिगेडियर धावतपळत बाईंच्या घरी गेले आणि दारातूनच कागद देऊन आले, आत जायचा धीर झाला नाही. संध्याकाळी निरोप आला. म्हातारबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा कोण? या नावाने आम्ही त्याला कधी हाकच मारली नाही."

आता पुन्हा हेडमास्तर. खोडायला ज्यांनी शिकवलं त्यांच्यावरच खोडलेलं वाचायला शिकवायची वेळ आली, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. "सोपं आहे. पेन्सिल दाबून लिहिली असेल तर कागदावर चर पडतात. अंधारात आडवा उजेड टाकायचा. चरांची सावली पडते."

"अंधार कुठून आणू? दुपारचा एक वाजलाय."

"रजई आहे ना?"

मग भर दुपारी, दोन वयस्कर, प्रतिष्ठित गृहस्थ पलंगावर एका रजईखाली पालथे पडले. एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात भिंग. आतून आवाज येत होते. "जरा खाली घ्या." "अहो, तुमचं कोपर!" "हं, दिसतंय, दिसतंय!" नेमका त्याच वेळी विजेचं मीटर वाचणारा आला. बायकोने त्याला मीटरकडे नेलं, पण मीटर त्याच खोलीत. त्याने रजईकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं आणि आकडा न लिहिताच निघून गेला. ब्रिगेडियरना हे नंतर कळलं, आणि पुढे कित्येक दिवस तो इसम रस्त्यात दिसला की ते बाजूच्या दुकानात शिरायचे. दुकान कसलंही असो.

पण मानलं पाहिजे, युक्ती चालली. घामाने निथळत दोघांनी दोन दिवसांत म्हातारबांचे बहुतेक सगळे शेरे वाचून काढले आणि वेगळ्या वहीत उतरवले. आणि उतरवता उतरवता ब्रिगेडियरना कळत गेलं की मूळ पुस्तकापेक्षा हे समासातलं पुस्तक मोठं आहे. मेजर लिहीत होते 'हवामान प्रतिकूल होते'. समास म्हणत होता, 'हात बधिर. गाठी दाताने मारल्या.' मेजर लिहीत होते 'शिस्त उत्तम'. समास म्हणत होता, 'सगळे रडत होतो. पण काम थांबलं नाही.' रजईच्या आत हेडमास्तरांनी नाक ओढलं.

"काय झालं?" ब्रिगेडियरनी विचारलं.

"धूळ आहे रजईत," हेडमास्तर म्हणाले.

राहिलं एकच पान. चौथ्या होडीचं. तिथे दोन्ही दिशांनी चालवलेल्या हाताने चर पार बुजवून टाकले होते. टॉर्च उजवीकडून धरला, डावीकडून धरला, हेडमास्तरांनी सुचवल्यावरून तव्याची काजळी कापसाने फिरवून पाहिली. काजळीने पान काळं झालं, पलंगाची चादर काळी झाली, हेडमास्तर काळे झाले. नाव काही उमटलं नाही.

"मी जाऊन सांगतो त्यांना," ब्रिगेडियर म्हणाले. "तोंडावर सांगायला हवं."

"मी येते," बायको म्हणाली. हेडमास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून तेही आले.

बाईंचं घर म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीशी शिलाईचं मशीन, चहूकडे अर्धवट शिवलेले पडदे, पडद्यांच्या दोरीची भली मोठी गुंडाळी. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत म्हातारबा. देह मूठभर, पण हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे मोठे.

ब्रिगेडियर त्यांच्यासमोर उभे राहिले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. "तुमचं लिहिलेलं मी खोडलं," ते म्हणाले. "बाकीचं सापडलं. ते नाव नाही सापडलं. चूक माझी आहे."

म्हातारबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कशाने खोडलं?"

"खोडरबरने. पाच लागले."

"पाच!" म्हातारबा जरा विचार करून म्हणाले. "आमच्या कंपनीत असायला हवे होतात. इतका चिवट माणूस नव्हता आमच्याकडे. होता, एकच होता..." आणि तिथेच अडले. मुलीने पटकन मान फिरवली.

मग ते स्वतःच म्हणाले, "वाचा. सापडलंय ते तरी वाचा."

हेडमास्तरांनी वर्गातल्यासारखा घसा साफ केला. ते पुस्तकातलं एक वाक्य वाचायचे आणि ब्रिगेडियर वहीतला शेरा. सुरुवातीला म्हातारबा डोळे मिटून ऐकत होते. 'अवघ्या नऊ तासांत' येताच डोळे खाडकन उघडले आणि ब्रिगेडियरच्या आधी तेच ओरडले, "अकरा!" तिसऱ्या पानाला ते खुर्चीच्या टोकाला आले. पाचव्या पानाला उभे राहिले. मुलगी धावली, तर तिलाच म्हणाले, "तू बघत काय राहिलीस? होड्या आण!"

होड्या म्हणजे खोलीतल्या चार खुर्च्या. त्या ओळीने लागल्या. गुंडाळीतून दोरीचे चार तुकडे निघाले. म्हातारबांनी माणसं वाटायला सुरुवात केली. "तुम्ही कोण?" त्यांनी हेडमास्तरांना विचारलं.

"निवृत्त मुख्याध्यापक."

"मग तुम्ही मेजर. तिकडे आडवे व्हा आणि झोपा." हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण ते पडद्यांच्या ढिगावर निमूट आडवे झाले.

"पहिली होडी, घड्याळ्या!" मुलगी पहिल्या खुर्चीमागे गेली. "दुसरी, रडक्या!"

"रडक्या? मी?" बायको म्हणाली, पण दोर तिने घट्ट धरला होता.

"तिसरी माझी. चौथी..." म्हातारबांचं बोट ब्रिगेडियरवर थांबलं. बोट तसंच राहिलं. "चौथी तू घे," ते शेवटी म्हणाले.

आणि मग तो पूल बांधला गेला. एक्याण्णव वर्षांच्या त्या माणसाचा आवाज कुठून आला देव जाणे. "दोर ताठ! पाणी चढतंय! फळी येऊ द्या! खाली बघू नका, समोर बघा!" ब्रिगेडियरना आयुष्यात पहिल्यांदाच खरा हुकूम मिळत होता. ते चौथ्या खुर्चीत बसून, पाय जमिनीवर रोवून दोर ओढत होते. दोराचं दुसरं टोक म्हातारबांच्या हातात होतं, आणि त्या हातांत अजून ताकद होती. ब्रिगेडियरचे पाय गुळगुळीत फरशीवरून सरकू लागले. खुर्ची कलली. शिलाईचं मशीन हललं. बायको ओरडली, "अहो, पडाल!" पण यांनी दात घट्ट आवळले. कुत्र्याला घाबरणारा, स्टेपलरने लढाया लढणारा हा माणूस आज काही झालं तरी दोर सोडणार नव्हता. तळहात सोलवटला, तरी त्यांनी मनगटाला आणखी एक वेढा मारला.

म्हातारबांनी तो वेढा पाहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सोड!" ते ओरडले. "अरे सोड तो दोर! आम्ही बघतो, तू सोड! मुंगळ्या! ए मुंगळ्या, सोड रे, जाशील!"

ब्रिगेडियरनी मनगट झटकून दोर सोडला आणि ते खुर्चीसकट फरशीवर धपकन बसले.

पडद्यांच्या ढिगावर हेडमास्तर उठून बसले होते. मुलीने तोंडावर हात धरला होता. म्हातारबा हातातल्या रिकाम्या दोराकडे बघत होते. मग ते हळूहळू चालत आले आणि ब्रिगेडियरसमोर थांबले. डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मुंगळ्या," ते म्हणाले. "सोडलास तू. या वेळी ऐकलंस माझं."

ब्रिगेडियर फरशीवर बसल्या बसल्याच म्हणाले, "ऐकलं."